जुन्या व्हॅनचा तळ आणि गंज: काळं कोटिंग मारण्याआधी

तुमचा प्रश्न असा आहे: व्हॅन २० वर्षांची, इंजिन ठणठणीत, आत झोपायची सोय गेल्याच वर्षी करून घेतलेली. खाली वाकून पाहिलं तर चॅसीचे दांडे तपकिरी झालेत आणि मूळचं काळं कोटिंग जागोजागी पोपडे धरून सुटलंय. एका वर्कशॉपने सांगितलं, सकाळी गाडी आणा, प्रेशरने धुऊन संध्याकाळपर्यंत डांबरी कोटिंग मारून देतो, पुढची १० वर्षं खाली बघायला नको. हे करावं का? नसेल तर काय लावावं, आणि किती दिवसांनी?

सकाळी धुऊन संध्याकाळी कोटिंग, हे करू नका. बाकीचं काही जमलं नाही तरी चालेल, पण हे नको.

कामाला लागलो त्या पहिल्या काही वर्षांत मीही असंच कोटिंग मारत होतो. गाडी दिसायला नवी व्हायची, मालक खूश व्हायचा. अशीच एक व्हॅन तीन वर्षांनी मागच्या पाट्यांच्या (धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या) कामासाठी परत आली. खालून अजून काळी कुळकुळीत. पाटा जिथे दांड्याला अडकवतात त्या हँगरजवळ जॅक लावून वर उचलायला गेलो आणि जॅकचं डोकं सरळ दांड्यात घुसलं. कोटिंगची कातडी फाटली आणि आतून ओल्या तांबड्या मातीसारखा गंज खाली सांडला. लोखंड केव्हाच संपलं होतं, आकार तेवढा डांबराने धरून ठेवला होता. त्या गाडीतून एक कुटुंब तीन वर्षं त्या दांड्याच्या भरवशावर फिरलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

तिथे काय झालं ते समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. गंज लागायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र यावे लागतात. मीठ असलं की वेग कितीतरी वाढतो, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. लागलेला गंज स्पंजासारखा असतो. पाणी आणि मीठ तो पोटात धरून ठेवतो, वरून कोरडा दिसला तरी. धुतल्या दिवशी त्यावर कोटिंग मारलं की ते पाणी आत कोंडलं जातं. डांबरी थर काही वर्षांत कडक होतो, थरथरीने आणि दगडांच्या माऱ्याने त्याला केसाएवढ्या चिरा जातात. चिरेतून पाणी आत जातं, पण वाऱ्याने वाळायला वाट राहत नाही. उघडा गंज निदान दिसतो आणि अधूनमधून सुकतो तरी. झाकलेला गंज बारमाही ओला असतो.

सुकण्याबद्दलही एक गैरसमज आहे. गाडी उभी आहे, पाऊस नाही, म्हणजे तळ कोरडा, असं नसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्याने गंजायला लागतं, पाण्याचा थेंब दिसायची गरज नसते. त्यात मीठ चिकटलेलं असेल तर आणखी वाईट. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला वापरतात ते कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर ३० ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. समुद्राच्या खाऱ्या तुषारांतही मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा रस्त्यांवर फिरलेली गाडी धुतल्याशिवाय खऱ्या अर्थाने कधी वाळतच नाही. आणि ऊब गंजाला मदत करते. मिठाच्या रस्त्यावरून आलेली ओली गाडी न धुता गरम, बंद गॅरेजमध्ये लावणं हे तिला बाहेर थंडीत उभी ठेवण्यापेक्षा जास्त घातक.

दुसरी गोष्ट जोडांची. व्हॅनची जमीन म्हणजे एक मोठा सपाट पत्रा, आणि त्याला ताकद यावी म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या पन्हळी स्पॉट वेल्डने जोडलेल्या. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं. फटीच्या तोंडाशी हवा मुबलक, आत कमी. जिथे प्राणवायू कमी असतो तिथलं लोखंड खाल्लं जातं, म्हणून जोड नेहमी आतून बाहेर सडतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो पत्रे एकमेकांपासून ढकलत जातो, फट वाढते, पाणी आणखी शिरतं. बाहेर रंगाखाली फुगवटा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

त्यामुळे आधी तपासणी. चांगला उजेड, छोटी हातोडी, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि जमलं तर फोनला जोडायचा बारीक नळीचा एंडोस्कोप कॅमेरा, एवढं पुरतं. गाडी फक्त जॅकवर उचलून खाली शिरू नका, कितीही थोडा वेळ असो. सपाट कडक जमीन, चाकांना अडसर, आणि भक्कम स्टँड. स्टँड कुठे लावायचे हेही आधी ठोकून बघा, कारण जॅक लावायच्या जागाच अनेकदा सर्वात आधी सडतात. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. बद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. आत जात असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

व्हॅनमध्ये मी ज्या जागा कधीच सोडत नाही त्या सांगतो. सरकत्या दाराची पायरी आणि तिच्याखालची पोकळी, कारण दाराच्या रुळातलं पाणी तिथेच उतरतं. दाराखालून लांबच लांब जाणारी पोकळ पट्टी, म्हणजे सिल. चाकांच्या कमानीच्या आतली वरची कड, जिथे चिखलाचा घट्ट थर बसतो आणि महिनोन्महिने ओला राहतो. प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर ते काढूनच बघा. पाट्यांचे हँगर आणि शॅकलच्या, म्हणजे पाट्याच्या झुलत्या कडीच्या, जागा. मागचा आडवा दांडा आणि स्टेपनीचा पाळणा. डिझेल टाकीचे पट्टे, विशेषतः टाकीवरून वळतात तो न दिसणारा भाग. आणि ब्रेकच्या स्टीलच्या नळ्या, त्यातही क्लिपखालची जागा. नळीवर खड्डे पडले असतील तर घासून रंग मारू नका. नळी बदला, आणि बदलताना तांबे-निकेल मिश्रधातूची घ्या, ती गंजत नाही आणि वाकवायलाही सोपी जाते. ब्रेकच्या बाबतीत "अजून एक वर्ष चालेल" हा विचार मी कुणालाही करू देत नाही.

तुम्ही आत झोपायची सोय केली आहे, म्हणून आणखी एक जागा. लाकडी फ्लोअर बसवताना जमिनीच्या पत्र्यातून स्क्रू आरपार गेले असतील, तर त्यांची टोकं खालून दिसतील. प्रत्येक टोकाभोवती उघडं पोलाद आहे. भोकं पाडताना निघालेला बारीक चुरा पन्हळीत पडला असेल तर तो आधी गंजतो आणि शेजारचा रंगही खातो. शिवाय रात्रभर आत माणसं झोपली की श्वासाची वाफ थंड पत्र्यावर धरते आणि फ्लोअरखाली, इन्सुलेशनच्या मागे साठते. नुसतं खालून कितीही लावलंत तरी वरून येणाऱ्या या पाण्याला अडवणार नाही. दाराजवळच्या कडेचा एखादा फ्लोअरचा तुकडा उचलून बघाच.

तपासून झाल्यावर तळाचे तीन भाग मनात वेगळे करा: धड असलेला, वरवर गंजलेला आणि खाल्लेला. खाल्लेल्याला एकच इलाज आहे, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. भार पेलणाऱ्या भागावर फायबर किंवा पुट्टी लावणं म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं. वेल्डिंग जाणत्याकडूनच करून घ्या. बॅटरी सोडवलेली असावी, टाकी आणि नळ्या दूर केलेल्या असाव्यात, पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर त्याचा धूर श्वासात जाऊ देऊ नये. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंग आणि मेण जळून जातं. ती मागची बाजू कुणी परत बंदिस्त करत नाही, आणि नवा तुकडा दोन वर्षांत जोडापासूनच सडतो. वेल्डिंग करून घेतलंत तर पोकळीत मेण मारणं हा त्याच कामाचा भाग समजा.

मग धुणं. जोरापेक्षा पाणी भरपूर हवं. प्रेशर गन जोडांवर, बेअरिंगवर किंवा विजेच्या जोडण्यांवर रोखली की पाणी नको तिथे शिरतं. चिखलाचे थर हाताने, लाकडी पट्टीने सोडवा आणि साध्या नळीने पुन्हा पुन्हा खळखळून धुवा. दाराखाली, सिलच्या तळाला, पन्हळींच्या टोकांना निचऱ्याची छोटी भोकं असतात. ती बुजलेली असतातच. तार घालून एकेक मोकळं करा. पाणी गळायला लागलं, कधी कधी काळपट गाळासकट, की समजायचं इतकी वर्षं ते आत उभं होतं. या कामाला एक पैसा लागत नाही, आणि कोणत्याही डब्यातल्या औषधापेक्षा याने जास्त फरक पडतो असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर गाडी वाळू द्या. मी किमान तीन दिवस देतो, हवा खेळती ठेवून, पंखा लावून. हवा दमट असेल तर जास्त. वर्कशॉपवाल्यांना हे परवडत नाही, त्यांची जागा अडते, आणि म्हणूनच "त्याच दिवशी" ही भाषा येते.

जुनं कोटिंग सगळं खरवडायची गरज नाही. सुटलेलं, फुगलेलं, वाजवल्यावर पोकळ लागणारं सगळं काढा. हीट गन आणि खरवडणी एकत्र चालवली की ते पापुद्र्यांनी निघतं. धातूला घट्ट धरून बसलेलं राहू द्या, फक्त कडा उतरत्या करा म्हणजे पाण्याला बोट घालायला जागा राहणार नाही. गंजावर ग्राइंडरचा तारेचा ब्रश फिरवताना सावध रहा. तो गंजाला घासून चकचकीत करतो आणि ती चकाकी लोखंडाची वाटते. खड्डे पडलेल्या जागी सुयांची हत्यारं किंवा सँडब्लास्टिंगच खोलवर पोहोचतं. साफ केलेली जागा एक रात्र तशीच ठेवून बघा. सकाळी तपकिरी ठिपके उमटले तर खड्ड्यांत मीठ अजून आहे. पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, गरम हवेने वाळवा. हा एक दिवस वाया जात नाही. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला चांगला मास्क लावूनच हे सगळं करा, कारण अंगावर पडणारं सगळं थेट चेहऱ्यावर येतं.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे गंजाचं दुसऱ्या घट्ट पदार्थात रूपांतर करणाऱ्या द्रावणाबद्दल, सगळे विचारतात. त्यात टॅनिक आम्ल असेल तर गंजाचं निळसर काळं आयर्न टॅनेट होतं, फॉस्फोरिक आम्ल असेल तर आयर्न फॉस्फेट. दोन्ही उपयोगी आहेत, पण पातळ आणि घट्ट चिकटलेल्या गंजावरच. जाड खपलीवर लावलं तर वरची कातडी काळी होते आणि आतला गंज जसाच्या तसा राहतो. फॉस्फोरिक आम्लाचा अंश धुऊन काढल्याशिवाय त्यावर इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारा रंग) मारू नका, इपॉक्सी नीट धरत नाही. उघड्या, साफ धातूवर माझी पसंती दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरलाच आहे, दोन पातळ हात. त्यानंतर जोडांवर फटी बुजवणारा सीलर. जस्ताचा प्रायमर चांगला, पण तो स्वतः झिजून लोखंड वाचवतो आणि त्यासाठी जस्ताचा लोखंडाला थेट स्पर्श हवा. गंजावर मारलेला जस्ताचा प्रायमर हा नुसता करडा रंग. कोणताही थर देताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन धरते) किमान ३ अंशांनी जास्त असावं. नाही तर डोळ्यांना न दिसणारं दव तुम्ही रंगाखाली कोंडता.

याच जस्ताच्या तत्त्वावर बोट ठेवून बॅटरीला जोडायची गंजरोधक यंत्रं विकली जातात. तत्त्व जुनं आणि खरं आहे. रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचं तांबं लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून वाचवायची पद्धत मांडली. पण जहाज सतत समुद्रात बुडालेलं असतं आणि विजेचं वर्तुळ पाण्यातून पुरं होतं. रस्त्यावरच्या गाडीच्या तळाभोवती असं सलग पाणी नसतं. ते पैसे मेणाला लावा.

आता लावायचं काय. डांबरी किंवा रबरी जाड कोटिंग मी फक्त चाकांच्या कमानीत वापरतो, तिथे दगडांचा मारा असतो, आणि तेही नव्याने इपॉक्सी केलेल्या पत्र्यावरच. जुन्या, थोड्याफार गंजलेल्या तळावर मऊ राहणारी वस्तूच हवी: मेण, लॅनोलिन किंवा गंजरोधक तेल. पाणी ज्या बारीक फटीत शिरतं तिथे पातळ तेलही शिरतं, आणि आधी ते शिरलं तर पाण्याला जागा उरत नाही. ओरखडा पडला तर ते हळूहळू पसरून त्याला झाकतं. ते धुऊन जातं, दर वर्षी लावावं लागतं, हात आणि कपडे बरबटतात, हे सगळं खरं. पण दर वर्षी लावायचं म्हणजे दर वर्षी खाली शिरून बघायचं, आणि जुन्या गाडीला नेमकं तेच हवं असतं. मेण जास्त टिकतं. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्धांश, पाण्याला सहजासहजी दाद देत नाही आणि लावणाऱ्यालाही त्याचा त्रास कमी. तुमच्या गाडीला मी पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स आणि बाहेरून मऊ मेण सुचवेन, जोडांवर आधी पातळ तेलाचा एक हात देऊन. मात्र ज्या भागांवर इपॉक्सी किंवा सीलर मारायचा आहे तिथे तो पुरा वाळल्यावरच हे लावा, कारण मेणावर नंतर कोणताही रंग धरत नाही. इंजिनातून काढलेलं जळकं तेल लावू नका. त्यात आम्लं आणि कातडीला घातक द्रव्यं असतात, आणि ते ठिबकून जमिनीत आणि पाण्यात जातं.

पोकळ भागांत मेण मारायची पद्धत महत्त्वाची आहे. दिवस उबदार निवडा, डबा कोमट पाण्यात ठेवून मेण पातळ करून घ्या. चारी बाजूंनी फवारणारं नोझल असलेली लांब लवचिक नळी शेवटपर्यंत आत सारा आणि बाहेर ओढता ओढता फवारा. मग दुसऱ्या टोकाच्या भोकातून तसंच. निचऱ्याच्या भोकांतून मेण ठिबकायला लागलं की तो भाग झाला. दुसऱ्या दिवशी तीच भोकं पुन्हा तारेने मोकळी करा. हे विसरलात तर मेणानेच पाणी अडवून ठेवाल.

सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम, हँडब्रेकच्या केबलची टोकं, रबरी बुश आणि होज हे आधी कागद आणि टेपने झाका. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. तुमच्या गाडीत झोपायची सोय आहे म्हणजे फ्लोअरखाली डिझेल हीटर असण्याची शक्यता आहे. त्याच्या हवेच्या आणि धुराच्या नळ्या बुजू देऊ नका, आणि मेणातलं द्रावण पूर्ण उडून जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, हीटर पेटवू नका आणि आत झोपूही नका. ती वाफ पेट घेते आणि डोकंही भणभणतं.

किती दिवसांनी, तर बाहेरून तेल दर वर्षी, मेण असेल तर दर वर्षी नजर टाकून सुटलेल्या जागा भरायच्या आणि साधारण दोन-तीन वर्षांनी पूर्ण हात. पोकळीतलं मेण एंडोस्कोपने बघून ठरवा. वेळ ओल्या किंवा मिठाच्या मोसमाच्या आधीची, तळ कोरडा असताना. मोसम संपला की एकदा खालून भरपूर धुणं, निचऱ्याची भोकं बघणं. गाडी गवतावर किंवा ओल्या मातीवर आठवडेच्या आठवडे उभी करू नका, खालून येणारी ओल थेट तळावर चढते. दर वेळी त्याच दहा-बारा जागांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी हँगरजवळचा ठिपका वाढलाय की तेवढाच आहे, हे आठवणीने सांगता येत नाही, फोटोवरून येतं.

आणि सध्या हाताशी एकच शनिवार-रविवार असेल, तर शनिवारी निचऱ्याची भोकं मोकळी करून तळ धुवा, ब्रेकच्या नळ्या आणि पाट्यांचे हँगर ठोकून-दाबून तपासा, आणि गाडी वाळत ठेवा. मेण पुढच्या कोरड्या आठवड्यात मारलं तरी चालेल.